अशनींच्या कालमापनाकडे वळणाऱ्यांसाठी काही अनुभव

मुंबईत भूविज्ञानाची पदवी घेऊन अशनींच्या कालमापनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी बहुधा आधी मास स्पेक्ट्रोमीटरविषयी, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राविषयी, विचारतात. मला मात्र या विषयात सर्वाधिक उपयोग झाला तो सूक्ष्मदर्शकाखाली दगड पाहण्याच्या सवयीचा; कारण आपण नेमक्या कोणत्या घटनेचे वय मोजत आहोत, हे खनिजांची रचना पाहिल्यावाचून ठरत नाही.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलमुळे बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाची, ओळख आपल्याला लवकर होते. राजस्थानातील पिपलिया कलान येथे 1996 साली पडलेला अशनीही बेसाल्टसारखाच, म्हणजे मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन या दोन खनिजांचा बनलेला आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना त्याच्या प्लॅजिओक्लेजमध्ये मॅग्नेशियम-26चे प्रमाण अपेक्षेहून अधिक आढळले, आणि हे जास्तीचे मॅग्नेशियम केव्हाच संपून गेलेल्या ॲल्युमिनियम-26 या किरणोत्सारी अणूच्या ऱ्हासातून आलेले होते. प्लॅजिओक्लेजमध्ये ॲल्युमिनियम भरपूर आणि मॅग्नेशियम अत्यल्प असल्याने ही वाढ तिथे दिसते. पायरॉक्सिनमध्ये मुळातच मॅग्नेशियम इतके असते की ती झाकली जाते.

पुढचे गणित नवागताने एकदा तरी कागदावर करावे. सूर्यमालेतील सर्वांत जुने ज्ञात घन पदार्थ म्हणजे काही अशनींमध्ये सापडणारे कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त कण. ते घडताना ॲल्युमिनियम-27च्या, म्हणजे नेहमीच्या स्थिर ॲल्युमिनियमच्या, एक लाख अणूंमागे ॲल्युमिनियम-26चे सुमारे पाच अणू होते. पिपलिया कलानचा दगड थिजला तेव्हा एक कोटीमागे सात-आठच उरले होते. ही घट साधारण सहा अर्धायुकालांची (अर्धायुकाल म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ) आहे, आणि एक अर्धायुकाल सुमारे 7 लाख 20 हजार वर्षांचा असल्याने दोन घटनांमधील अंतर जवळपास 43 लाख वर्षे येते. ॲल्युमिनियम-26 सर्वत्र सारखे पसरलेले होते, हे यात गृहीत धरलेले असते. ते विसरू नये.

प्रवेशाचे मार्ग सर्वज्ञात आहेत: आयआयटी मुंबईच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी, आणि सांख्यिकी व रसायनशास्त्र यांची तयारी त्याच काळात करावी.

ॲल्युमिनियमची पद्धत फक्त अंतर सांगते. प्रत्यक्ष वय युरेनियम-शिसे पद्धतीने, म्हणजे युरेनियमचे किती शिसे झाले ते मोजून, काढावे लागते. त्या पद्धतीने मेक्सिकोतील आयेंदे अशनीच्या अशाच कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त कणांची वये 456 कोटी 70 लाख वर्षांच्या आसपास येतात. मात्र या हिशेबात लागणारे युरेनियमच्या दोन समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचे) गुणोत्तर दीर्घकाळ सर्वत्र 137.88 असेच धरले जाई, आणि 2010 साली आयेंदेच्याच कणांमध्ये ते बदलते असल्याचे दिसून आले. या फरकामुळे वयात 50 लाख वर्षांपर्यंत चूक होऊ शकते, म्हणजे वर काढलेल्या अंतराहूनही अधिक. म्हणून जुना शोधनिबंध वाचताना वयाच्या आकड्याआधी, त्याच कणातील युरेनियमचे गुणोत्तर प्रत्यक्ष मोजले होते की गृहीत धरले होते, हे पाहावे.