पुठ्ठ्याचा किल्ला आणि मातीची पात्रे करताना या चुका टाळा

ॲनिमेशनमधील आवडते पात्र किंवा थीम पार्कमधील एखादी वास्तू घरी तयार करताना फसगत होते ती बहुधा हातात कौशल्य नसल्यामुळे नव्हे, तर मूळ वस्तू नजरेला कशी चकवते हे न पाहताच कात्री उचलल्यामुळे.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या डिस्नेलँडमधील किल्ला अवघा ७७ फूट उंच आहे, तरीही तो बराच उंच भासतो, कारण त्याच्या भिंतींवरील दगड पायथ्याशी मोठे असून वर जाताना लहान होत जातात. प्रतिकृती करणारे मात्र खालपासून वरपर्यंत एकाच मापाचे दगड रंगवतात आणि मग बुरूज डब्यासारखा का दिसतो, याचा विचार करत बसतात. पायथ्याशी १२, मध्यावर ८ आणि माथ्याशी ५ मिलिमीटर उंचीचे दगड आखावेत, खिडक्याही त्याच प्रमाणात लहान कराव्यात आणि तयार किल्ला नजरेच्या थोडा वर ठेवावा. खाली ठेवून वरून पाहिल्यास ही सारी किमया वाया जाते.

बुरुजासाठी पन्हळी पुठ्ठा गुंडाळताना त्याच्या पन्हळी उभ्या राहतील असे पाहावे, अन्यथा पुठ्ठा वळण्याऐवजी मोडतो. निमुळत्या छपरासाठी अर्धवर्तुळ कापण्याची सवय असते, पण त्यातून बसके छप्पर तयार होते. १८ सेंटिमीटर त्रिज्येचे पाव वर्तुळ गुंडाळले, तर तळाशी साडेचार सेंटिमीटर त्रिज्येचा उंच, टोकदार शंकू मिळतो. चिकटवण्यासाठी एका कडेला पट्टी तेवढी जास्तीची सोडावी.

पारदर्शक शीटवर जुन्या ॲनिमेशनच्या धर्तीवर चित्र रंगवताना सर्वाधिक गोंधळ क्रमाचा होतो. रेषा पुढच्या बाजूने आणि रंग मागच्या बाजूने, ही मूळ पद्धत आहे. त्यामुळे मागून जो रंग आधी लागतो, तोच समोरून सर्वांत वर दिसतो. डोळ्यातील चमकेचा पांढरा ठिपका आधी, मग बुबुळ आणि चेहऱ्याचा रंग शेवटी, असे उलटे चालावे लागते. जलरंग शीटवर थेंब होऊन आक्रसतात, म्हणून ॲक्रिलिक वापरावा आणि तो कुंचल्याने पुन्हा पुन्हा घासण्याऐवजी दाटसर पसरू द्यावा. पट्टे दिसत असल्यास पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा; ओल्यावर हात फिरवला की खालचा रंग उचलला जातो. बोटांच्या तेलकट ठशांवरही रंग नीट धरत नाही, त्यामुळे सुती हातमोजे घालणे उत्तम.

मिकी माउसचे कान, तो कोणत्याही दिशेला वळला तरी, पडद्यावर गोलच दिसतात, परंतु मातीच्या बाहुलीत हे शक्य नसते, कारण समोरून गोल दिसणारी चकती बाजूने पाहिल्यास नुसती कडा उरते. बाहुली कोणत्या कोनातून पाहिली जाणार, हे आधीच ठरवून कान बसवावेत. हवेत वाळणारी माती आकसते आणि आतला सांगाडा आकसत नाही, म्हणून तडे जातात. ते त्याच मातीच्या पातळ लगद्याने भरून, वाळल्यावर घासून घ्यावेत. ओव्हनमध्ये भाजायच्या पॉलिमर मातीसाठी पाकिटावरील तापमान पाळावे. वेळ वाचवण्यासाठी आच वाढवली, तर रंग करपतो.

थर्माकोलच्या बाबतीत मात्र दुरुस्तीला वावच नसतो. मी एकदा पूर्ण झालेल्या घुमटावर थेट स्प्रे रंग मारला आणि पाहता पाहता त्यावर खड्डे पडले, कारण रंगातील द्रावक थर्माकोल विरघळवतो. आधी पांढऱ्या गोंदाचे दोन थर द्यावेत, किंवा सरळ पाण्यात मिसळणारा रंग कुंचल्याने लावावा. गोंद एखाद्या कोपऱ्यात जरी सुटला, तरी स्प्रे नेमका तोच कोपरा खातो.