अतिवृष्टीच्या नुकसानीचे अनुदान खात्यात जमा होईपर्यंत काय करावे

महाराष्ट्रात अतिवृष्टीने पीक गेल्यास पहिले काम म्हणजे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या पंचनाम्याच्या वेळी स्वतः बांधावर हजर राहणे, कारण गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र तेथे जसे लिहिले जाते, त्यावरच पुढची रक्कम ठरते. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल ॲपवरून नोंदवलेल्या पिकाची, नोंद आहे का, हे आधीच तपासावे.

मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के असावे लागते. केंद्राने 2022 ते 2026 या काळासाठी ठरवलेल्या निकषांनुसार जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत मिळतात. राज्य सरकार शासन निर्णयाने मर्यादा वाढवू शकते, म्हणून त्या हंगामाचा निर्णय वाचावा.

मदतीस पात्र शेतकऱ्यांची यादी लागल्यावर आपल्या नावापुढील विशिष्ट क्रमांक घेऊन, सांगितले असल्यास, आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी करावी व पावती जपून ठेवावी. पैसे अडकतात ते बहुधा येथेच: खाते आधारशी जोडलेले नसते, सामाईक जमिनीत इतर खातेदारांचे संमतीपत्र नसते, किंवा मृत वडिलांच्या नावावरील जमिनीची वारस नोंद राहिलेली असते. ही नोंद पावसाळ्यापूर्वीच करून घ्यावी, असे मी कळकळीने सांगेन. यादीत नाव नसल्यास तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

पीक विम्याची भरपाई या अनुदानाहून वेगळी असून तिची प्रक्रियाही स्वतंत्र आहे.