नंदूची वही : डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसाची तब्येत कशी सांभाळावी

माझा धाकटा भाऊ नंदू ४२ वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच शरीरात एक गुणसूत्र जास्त. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तो सांगलीत गावभागात माझ्याकडे असतो. लहानपणी त्याच्यामागे बालरोगतज्ज्ञ होते, शाळेत व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या. अठराव्या वर्षी शाळा सुटली आणि विचारणारं कुणी उरलं नाही. १९८३ साली अमेरिकेतसुद्धा या माणसांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ६० च्या घरात आहे. त्यामुळे चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या तब्येतीचं काय करायचं हे आपल्या आईवडिलांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कॅशियर आहे. पण या नऊ वर्षांत जे कळलं ते, ज्यांच्या घरी असं माणूस मोठं झालंय त्यांच्यासाठी लिहितेय.

नंदू दुपारी चार तास चौकातल्या पिठाच्या गिरणीत काम करतो. डबा काट्यावर ठेवायचा, चिठ्ठी लावायची, दळण झालं की ओळीत मांडायचा. डब्याचा पोचा नि झाकणाचा रंग बघून तो डबा कुणाचा ते सांगतो. पस्तिशीत त्याचं बिनसायला लागलं. जाड दळायची ज्वारी बारीक दळायला दिली, डबे बदलले. घरी आला की नुसता बसून राहायचा. वजन वाढलं, पोट साफ होईना, आंघोळ नको म्हणायचा. मी त्याला एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथे त्याला हातही न लावता मला सांगितलं, "या मुलांचं असंच असतं, वय लवकर होतं त्यांचं." मी ऐकून परत आले. चार महिने तसेच गेले, ते मला अजून सलतात.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी केल्या. थायरॉइड ग्रंथी नीट चालते का ते दाखवणारं रक्तातलं टीएसएच तपासलं आणि कानात बघितलं. थायरॉइड मंदावलं होतं आणि दोन्ही कान मळानं गच्च होते. गिऱ्हाईक काय सांगतंय ते त्याला ऐकूच येत नव्हतं! औषध सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांत नंदू परत पहिल्यासारखा ओळीत डबे मांडायला लागला.

म्हणून पहिली गोष्ट ही पक्की धरा : माणूस बदललं की त्याला कारण असतं, आणि "डाऊन सिंड्रोम" हे कारण नव्हे. ते जन्मापासून आहे, बदल आत्ता झालाय. डॉक्टरांनी "असंच असतं" म्हटलं तर शांतपणे एकच विचारा, "डॉक्टर, हेच दुसऱ्या कुणाला झालं असतं तर तुम्ही काय तपासलं असतं?" मी आजवर हे तीनदा विचारलंय आणि तिन्ही वेळा तपासणीची चिठ्ठी मिळाली आहे.

बदल ओळखायचा तर आधीचं माहीत हवं. त्यासाठी वही घाला, आणि ती माणूस बरं असताना घाला. आजारपणात सुरू केलेल्या वहीत तुलनेला काही नसतं. मी साधी दोनशे पानी वही केली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला वजन. झोपायची आणि उठायची वेळ. आंघोळीला किती वेळ लागतो, शर्टाची बटणं स्वतः लावतो का, जिना उतरताना कठडा धरतो का, रोजच्या ठरलेल्या कामांपैकी कुठलं सुटलं. बाईमाणूस असेल तर पाळीच्या तारखा. या मुलींची पाळी इतरांपेक्षा लवकर जाते. आणि दरवर्षी पाडव्याला मी पाच मिनिटांचा व्हिडिओ काढते : नंदू चहा करतो, चपला घालतो, जिना चढतो, घरातल्यांची नावं सांगतो. दोन वर्षांचे व्हिडिओ शेजारी ठेवले की जे रोज बघून दिसत नाही ते दिसतं.

तपासण्यांचं सांगते. २०२० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मोठ्या वयातल्या डाऊन सिंड्रोमसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत थायरॉइड २१ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी, मधुमेहाची तपासणी तिशीपासून दर तीन वर्षांनी, वजन फार असेल तर त्याआधीपासून, असं आहे. आमच्याकडे शाकाहार, म्हणून मी बी १२ या जीवनसत्त्वाची तपासणी पण करून घेते. हृदय लहानपणी चांगलं होतं म्हणून सोडू नका, मोठेपणी झडपेचा त्रास निघू शकतो. धाप, पायावर सूज दिसली तर दाखवा.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि निदान अर्धा तास चहा नाही. नंदूला उठल्या उठल्या चहा लागतो, त्यावरून रोज भांडण व्हायचं. शेवटी वारांच्या सात कप्प्यांची डबी आणली आणि ती त्याच्या ताब्यात दिली. आता तो साडेसहाला स्वतः गोळी घेतो, घड्याळात सात वाजले की आधण ठेवतो. गोळी माझी नाही, त्याची झाली, तेव्हा भांडण मिटलं. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर त्या चार तास लांब ठेवा.

कानांच्या नळ्या अरुंद असतात, मळ साठतोच. घरी तेल घालू नका, पिना घालू नका, दर सहा महिन्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे जा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काय केलं, तर बॅटरी नंदूच्या हातात दिली आणि माझ्या कानात बघायला सांगितलं. त्यानं बघितलं, "ताई, भोक आहे" म्हणाला, आणि मग आपला कान पुढे केला. मळ निघाल्यावर रस्त्यावर आलो तर जागीच थांबला. "रिक्षा किती ओरडते!" डोळ्यांचंही असंच. मोतीबिंदू लवकर येतो, बुबुळाचा आकार बदलतो. सारखे डोळे चोळत असतील किंवा शेवटच्या पायरीवर पाय चाचपत असतील तर नंबर तपासायला न्या.

दुखणं ही माणसं सांगत नाहीत, किंवा वेगळ्या भाषेत सांगतात. नंदूला "दुखतंय का?" विचारलं की उत्तर "नाही." एकदा तो आठवडाभर भाकरी आमटीत बुडवून बुडवून खात होता. मला वाटलं, आवडली असेल. हिरडीत पू झाला होता. हिरड्यांचा आजार यांच्यात फार, म्हणून दर सहा महिन्यांनी दाताचे डॉक्टर आणि रात्रीचा ब्रश मी समोर उभी राहून. तेव्हापासून तोंडाला न विचारता मी जेवणाला, चालीला, झोपेला विचारते.

झोप. मोठमोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास थांबणं, मांडी घालून पुढे वाकून झोपणं, दिवसा पेंग, चिडचिड : हे दिसलं तर रात्रीचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. डाऊन सिंड्रोममध्ये श्वसनमार्ग अरुंद, जीभ मोठी वाटते, स्नायू सैल, त्यामुळे झोपेत श्वास अडकणं फार आढळतं, आणि विसराळूपणाचं मूळ कधी कधी तिथं असतं. नंदूला रात्री हवेच्या मशिनचा मास्क लागला. तो पहिल्या रात्री लावलात तर फेकून देतील. आम्ही आठवडाभर मशीन बंद ठेवून, क्रिकेट बघताना दहा मिनिटं, मग वीस मिनिटं नुसता मास्क लावला. मग बसल्या बसल्या मशीन सुरू केलं. मग रात्र. तीन आठवडे लागले.

मानेचं लक्षात ठेवा. मानेतले वरचे दोन मणके सैल असू शकतात. चाल बदलली, हाताची पकड ढिली झाली, मान वाकडी धरली, लघवीवरचा ताबा सुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. शीर्षासन, हलासन, कोलांट्या नकोत. कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेबद्दल तुम्ही स्वतः सांगा.

खाण्यात आमचं मोठं दुखणं पाहुणे होते. यांचं शरीर बसल्या जागी ऊर्जा कमी जाळतं, आणि येणारा प्रत्येकजण मायेनं पेढा देतो. मी सगळ्यांना सांगितलं, नंदूला द्यायचंच तर त्याच्याबरोबर फिरायला चला. संध्याकाळी गणपतीच्या देवळावरून कृष्णेच्या घाटापर्यंत आणि परत, पाऊस नसेल तर रोज. ताट लहान केलं, वाढणं त्याच्याच हातानं, भात एक मूद. सहा महिन्यांत पाच किलो उतरले.

एकटाच बोलत बसतो म्हणून घाबरू नका. नंदू रात्री खोलीत गिरणीतला सगळा दिवस मोठ्यानं परत सांगतो. डाऊन सिंड्रोममध्ये हे पुष्कळांचं असतं, विचार लावून घ्यायची ती रीत आहे. बोलण्यात भीती, राग, रडू यायला लागलं तर मात्र दाखवा. दुःखही उशिरा बाहेर येतं. आई गेली तेव्हा तो रडला नाही, सगळे म्हणाले त्याला कळलं नाही. सहा महिने तो रोज रात्री तिच्या रिकाम्या कॉटपाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवत होता, आणि मग एक दिवस जेवायचंच बंद केलं. तिचा फोटो समोर घेऊन, ती कशी गेली हे साध्या शब्दांत पुन्हा पुन्हा बोलावं लागलं. "देवाकडे गेली" म्हणू नका. तो वाट बघत बसतो.

चाळिशीनंतर अल्झायमरकडे, म्हणजे स्मरण नि समज हळूहळू जाण्याच्या आजाराकडे, दरवर्षी लक्ष द्यायचं. मेंदूत साठणारं जे प्रथिन या आजारात सापडतं, ते ज्यापासून बनतं त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावरच आहे, आणि यांच्याकडे त्या गुणसूत्राच्या तीन प्रती. सुरुवात विसरण्यापेक्षा स्वभाव बदलण्यातून, ठरलेली कामं सुटण्यातून दिसते. नव्यानं फीट येणं, घास अडकणं हीही लक्षणं. पण थायरॉइड, बी १२, झोप, कान, डोळे, दुखणं आणि मनाची उदासी हे सगळं तपासून झाल्याशिवाय कुणाला ते नाव लावू देऊ नका, विशेषतः चाळिशीच्या आत.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना एवढं आधी करा. निरामयमध्ये वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

दवाखान्यात जाताना मी वहीतून एक पान उतरवून नेते : औषधं, मागचे रिपोर्ट, मान, मशीन, आणि यावेळी काय बदललं ते तीन ओळींत. पान नंदू देतो. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारायला लागले की मी म्हणते, "त्याला विचारा ना, राहिलेलं मी सांगते." मागच्या खेपेला त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं, "गुडघा. डावा. जिन्यात." वहीत ते नव्हतं. मला माहीतच नव्हतं.