पेन्शन आलो आणि कॉलेजात गेलो: फौजी भावांसाठी थोडं

२०२२ ला आर्मीच्या सिग्नल्समधून, म्हणजे निरोप-संदेश पोचवणाऱ्या कोअरमधून, नायक म्हणून पेन्शन आलो, १७ वर्षं नोकरी, वय ३६, आणि इंदूरला रामबागेतल्या घरी आई म्हणाली आता जरा टेक. पण मला एमए करायचं होतं. रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे फौजीची सर्व्हिसची कागदपत्रं ठेवणाऱ्या ऑफिसचं, ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट होतं ना जवळ! ते घेऊन एका कॉलेजच्या खिडकीवर गेलो तर क्लार्कने कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाला, "मार्कशीट कहाँ है भिया?" (भिया म्हणजे इंदूरी भैया.)

कसली मार्कशीट.

तर आधी हेच समजून घ्या, माझ्या ओळखीतले अजून दोघं ह्यातच अडकलेत. दहावी पास आणि १५ वर्षं सर्व्हिस असली की जे सर्टिफिकेट मिळतं ते नोकरीपुरतं, म्हणजे सरकारी ग्रुप सी च्या, क्लार्कसारख्या, ज्या पोस्टला ग्रॅज्युएट मागतात तिथे आपल्याला तसं धरतात. बँक क्लार्कच्या फॉर्मला चालतं. युनिव्हर्सिटीची डिग्री नाही ती, एमएला चालत नाही, तीन वर्षांच्या एलएलबीलाही नाही. आणि पंतप्रधान स्कॉलरशिप आपल्याला मिळेल असंही धरू नका, ती आपल्या मुलांना आणि माजी सैनिकांच्या विधवांना आहे.

अजून सर्व्हिसमध्ये असाल तर इग्नूचं, म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या ओपन युनिव्हर्सिटीचं, बीए तिथेच उरकून टाका, पोस्टिंग आलं तरी स्टडी सेंटर बदलून मिळतं. मलाही सांगणारे होते, मी व्हॉलीबॉल खेळत बसलो.

दुसरं, नाव. माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळतं त्या सर्व्हिसच्या पुस्तकात, आडनावाचं स्पेलिंग एक, बारावीच्या मार्कशीटवर दुसरं, आणि आधारवर तर आडनावच नाही! आता एबीसी आयडी, म्हणजे कॉलेजातले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर, आधारवरून निघतो, नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते. युनिटमध्ये असताना पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधल्या बदलाचा लेखी हुकूम, काढून दुरुस्त होतं, घरी आल्यावर रेकॉर्डला पत्रं लिहीत बसा. मला चार महिने लागले. शिक्षणात खंड पडला म्हणून गॅपचं ॲफिडेव्हिट मागितलं, त्याला डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडली.

शेवटी एमए सोडून बीए फर्स्ट इयरला नाव घातलं. पहिल्या दिवशी सर आत आले आणि मी खाडकन उठून सावधान, एकटाच. पोरांना वाटलं हा तपासणीला आलाय, एकाने तर मोबाईल दप्तरात घातला. पुढे महिनाभर अंकल, मग आपोआप भिया झालो. पोरं वीस मिनिटं उशिरा येतात, फीच्या लायनीत घुसतात, तुम्ही ओरडू नका, मी ओरडलोय आणि नंतर आठवडाभर कोणी नोट्स दिल्या नाहीत.

खरी पंचाईत लिहिण्याची. आपल्याला मेसेज लिहायची सवय, कमीत कमी शब्द. पहिल्या टेस्टला १५ मार्कांचं उत्तर पाच ओळीत संपवलं, म्हटलं सगळं तर आलं. सर म्हणाले, "गलत कुछ नहीं है, पर बाकी कहाँ है?" मग भंवरकुआँला, इंदूरच्या कोचिंगवाल्या भागात, लायब्ररीत अभ्यासाला महिन्याची सीट घेतली आणि घड्याळ लावून रोज दोन उत्तरं लिहायचो, पहिले पंधरा दिवस अंगठा असा दुखायचा की रायफलने कधी दुखला नाही.

पैशाचं म्हणाल तर पेन्शनमध्ये घर चालतं पण ओढाताण होते, म्हणून मी रात्री गार्डची ड्युटी धरली, आणि सकाळच्या लेक्चरला डोळे मिटायचे. अटेंडन्स ७५ टक्के लागते. ड्युटी सुटत नसेल तर रेग्युलरच्या नादाला लागू नका, इग्नू घ्या, त्यात कमीपणा काही नाही. एक सोय मात्र आहे, नव्या शिक्षण पॉलिसीत बीएचं एक वर्ष झालं की सर्टिफिकेट, दोन झाली की डिप्लोमा, त्यामुळे मध्येच नोकरीचं लेटर आलं तरी झालेलं वाया जात नाही. माझा एक कोर्समेट दुसऱ्या वर्षानंतर बँकेत लागला, डिप्लोमा घेऊन गेला. आता फोन करून विचारतो तिसऱ्या वर्षाला परत येऊ का, आणि माझ्या नोट्स आहेत का अजून.