मिठाने सरळ झालेली रेषा

सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज या विद्युतभारित पॉलिमरचा रेणुभार मला श्यानतेवरून काढायचा होता; परंतु ऊर्ध्वपातित पाण्यातील द्रावण जसजसे विरल करावे, तसतशी संहतीने भागलेली विशिष्ट श्यानता (द्रावकाच्या तुलनेत श्यानतेत झालेली वाढ) घटण्याऐवजी वाढत गेली आणि आलेख शून्य संहतीपर्यंत नेणे अशक्य झाले. श्यानतामापी स्वच्छ धुऊन, तापमान 25 अंशांवर स्थिर ठेवूनही वक्र तसाच राहिला. दोष काचेत नव्हताच. साखळीवरील ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, आणि विरलीकरणात भोवतीचे सोडियम आयनही विरळ होत असल्याने हे अपाकर्षण झाकले न जाता साखळी ताठ पसरते.

म्हणून भुकटी आधी पाण्यातच पूर्ण विरघळवून (मिठाच्या पाण्यात ती नीट फुगत नाही, गुठळ्या राहतात) नंतर सोडियम क्लोराइड 0.1 मोलरपर्यंत मिसळले. तेथे डिबाय लांबी (ज्या अंतरापलीकडे भोवतीचे आयन विद्युतभाराचा प्रभाव झाकून टाकतात ते अंतर) सुमारे 1 नॅनोमीटर उरते, 0.001 मोलरला ती जवळपास 10 असते. पुढील विरलीकरण मात्र पाण्याने न करता त्याच मिठाच्या द्रावणाने केले, कारण खरी मेख तिथेच आहे: पाण्याने मीठही विरळ होऊन अपाकर्षण पुन्हा उघडे पडते. बिंदू सरळ रेषेत आले. रेणुभार काढताना मार्क-हाउविंक स्थिरांकही (श्यानतेचा रेणुभाराशी संबंध जोडणाऱ्या समीकरणातील स्थिरांक) त्याच क्षारसंहतीचे घ्यावे लागतात.