टेबल सॉ जोर धरत नाही आणि वर कान फोडते? नवी मोटर घेण्याआधी या चुका टाळा

दीड इंची सागाची फळी चिरायला घेतली की निम्म्यावर माझ्या टेबल सॉचा, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या करवतयंत्राचा, आवाज उतरायचा. पातं अडखळायचं, जळकट वास यायचा आणि कटाच्या कडेला काळे पट्टे उमटायचे. मोटर होती 2 एचपीची. ती कमी पडतेय अशी माझी पक्की खात्री झाली. मोटर खोलली आणि नाशिकच्या सातपूरला रिवाइंडिंगवाल्याकडे नेली, म्हटलं 3 एचपीची दाखवा. त्याने आधी आहे तीच लावली, करंट मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला आणि पाच मिनिटं चालवून बघितली.

"दादा, मोटर ठणठणीत आहे. पातं आणलंय का?"

पातं घरी होतं.

"वायर कुठली लावलीय?"

वायरही घरीच होती.

"मग माझ्याकडं आणलं काय तुम्ही?"

हसत हसत परत पाठवलं त्याने. 3 एचपीची मोटर मी अजून घेतलेली नाही. घरच्या वर्कशॉपमध्ये 'जोर नाही' आणि 'आवाज फार' या दोन तक्रारी बहुतेक वेळा जुळ्या असतात आणि त्यांचं मूळ मोटरीच्या बाहेर असतं, हे मला त्या खेपेने शिकवलं. माझ्याकडून झालेल्या आणि ओळखीच्यांकडे पाहिलेल्या चुका इथे लिहितोय.

एक्स्टेंशनच्या वायरीवर मशीन चालवणं

आमचं वर्कशॉप म्हणजे इंदिरानगरमधल्या घराचं पार्किंग. मीटरजवळच्या बोर्डपासून तिथपर्यंत वीसेक मीटर. मी काय केलं, तर गणपतीच्या लायटिंगला वापरलेलं एक्स्टेंशन लावलं. आत 0.75 चौरस मिलिमीटरची वायर, तीही अर्धी रिळावर गुंडाळलेली.

वायरमनने मल्टीमीटर घेऊन बोर्डवर मोजलं: 224 व्होल्ट. मग मशीनच्या टोकाला मीटर धरून मला म्हणाला, आता फळी घाला. पातं अडलं तसा आकडा 203 वर आला. वीस-एकवीस व्होल्ट वाटेतच गेले. इंडक्शन मोटरचा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. 203 भागिले 224, त्याचा वर्ग करा, उत्तर येतं 0.82. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद वायरच गिळत होती. बरं, मोटर अडली की करंट जास्त ओढते, त्याने व्होल्टेज आणखी पडतं, त्याने ती आणखी अडते. रिळ हाताला चांगलंच गरम लागत होतं. नुसतं मशीन रिकामं फिरवून मीटर बघाल तर यातलं काहीच दिसणार नाही. माप घ्यायचं ते लाकडात पातं असतानाच, आणि मीटर दुसऱ्याच्या हातात देऊन.

उपाय साधा होता: बोर्डपासून 4 चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, 16 अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग. एमसीबी सी-कर्व्हचा. अशी मोटर सुरू होताना क्षणभर पाच ते सात पट करंट घेते आणि बी-कर्व्हचा एमसीबी तीन ते पाच पटीतच पडू शकतो. 'मशीन लावली की लाइट जाते' यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. मात्र वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणं म्हणजे आग घरात बोलावणं.

पातं न बघता मोटरला दोष देणं

वायर बदलल्यावर फरक पडला, पण काळे पट्टे राहिले. मग पातं काढून उन्हात धरलं. दातांच्या बाजूला तपकिरी लेप चढला होता, प्लायचा गोंद आणि लाकडाची राळ. त्यात ते 80 दातांचं, प्लायवूडसाठीचं, आणि मी त्यावर साग लांबीत चिरत होतो. इतके दात म्हणजे दोन दातांमधली खोबण लहान. भुसा बाहेर पडायला जागा नाही, मग तो तिथेच घासतो आणि जळतो. लांबीत चिरायला 24 दातांचं, प्लायला आणि आडव्या कटाला 60 ते 80 दातांचं, हा साधा हिशोब. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे कार्बाइडच्या दातांचीही धार लवकर जाते. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूचा साग सगळ्यांना प्रिय, त्यामुळे ही तक्रारही नेहमीची.

पातं कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासलं. लेप निघाला तेव्हाच निम्मं काम झालं. मशीन लहान असेल तर पातळ कर्फचं, म्हणजे कमी रुंदीचा कट पाडणारं, पातं घ्या. 3.2 मिलिमीटरऐवजी 2.2 चा कट पडला की जवळजवळ एक तृतीयांश लाकूड कमी कापावं लागतं, म्हणजे फुकटात मोटर मोठी झाल्यासारखं. फक्त रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्यामागे उभी राहून कट मिटू न देणारी पट्टी, त्या पात्याला जुळते का बघा. ती कर्फपेक्षा पातळ आणि पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड हवी. कटापेक्षा जाड निघाली तर फळी तिच्यातच अडकेल. म्हणून ती काढून काम करायची हुशारी करू नका. मिटणारा कट फळीला मागे फेकतो, आणि मागे आपलं पोट असतं.

तरीही डाग पडत असतील तर फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतो ती पट्टी, तपासा. एका दातावर पेनाने खूण करा, प्लग काढा. तो दात पुढे आणून टेबलावरच्या माइटर खाचेपासूनचं (पात्याच्या बाजूने जाणारी सरळ खाच) अंतर मोजा, मग पातं फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. फरक असेल तर पातं खाचेला तिरकं आहे, ते आधी सरळ करा. मग फेन्स त्याच खाचेला समांतर लावा. माझ्याकडे फेन्स मागच्या टोकाला जवळजवळ एक मिलिमीटर आत होती. फळी पात्यावर दाबली जात होती, आणि मी मोटरीला शिव्या देत होतो.

खोक्यावरचे वॅट वाचून खरेदी

हलक्या, उचलून नेता येणाऱ्या सॉवर '1800 वॅट' लिहिलेलं असतं. ते बहुधा मोटर किती वीज खाते त्याचं माप. 2 एचपी इंडक्शन मोटरवरचं माप शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीचं: 746 गुणिले 2, म्हणजे 1492 वॅट. दोन्ही आकडे एका तागडीत तोलू नका. हलक्या मशीनमध्ये ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते. ती स्वतः दहा-वीस हजार फेऱ्यांनी किंचाळते आणि गिअरने वेग खाली आणते. साइटवर ती उत्तम. घरात रोज दोन तास चालवायची असेल तर माझं मत पट्ट्यावर चालणाऱ्या इंडक्शन मोटरलाच. जड असते, जागा अडवते, पण शेजारधर्म टिकतो.

याचंच भावंड म्हणजे अंबड-सातपूरच्या भंगारातली स्वस्त थ्री-फेज मोटर आणून कंडेन्सर लावून घरच्या सिंगल फेजवर फिरवणं. फिरते, पण जेमतेम दोन-तृतीयांशाच्या आसपासच ताकद देते आणि तापते. करायचंच असेल तर सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देणारा व्हीएफडी (इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावा. मात्र तो 230 व्होल्टच देणार, आणि मोटरची वाइंडिंग 415 ला स्टार जोडणीत बांधलेली असेल तर ती डेल्टा जोडणीत जोडून घ्यावी लागते. बाहेर तीनच वायरी आल्या असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून उघडून घ्या.

पुली बदलून 'पॉवर' वाढवणं

1440 फेऱ्यांची मोटर, त्यावर 5 इंची पुली, पात्याच्या शाफ्टवर अडीच इंची: पातं 2880 ला फिरतं. 10 इंची पात्याच्या दाताचा वेग होतो सेकंदाला सुमारे 38 मीटर. 7 इंची पुली लावली तर 4030 फेऱ्या, साधारण 54 मीटर. कट स्वच्छ येतो, मान्य. पण ताकद तेवढीच राहते, पात्यावरचा पीळ उलट घटतो आणि शिट्टी वेगाच्या मानाने भलतीच वाढते. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडायची तर गोष्टच नको.

आवाज कुठून येतो ते न शोधताच भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवणं

मी चिकटवले होते. खोलीतला घुमारा थोडा कमी झाला, शेजारी मात्र तसूभरही फरक नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. पुठ्ठ्याला वजन कुठलं!

आधी आवाजाची फोड करा. प्लग काढून पट्टा उतरवा, मग नुसती मोटर चालवा. घरघरली तर तिचं बेअरिंग किंवा पंखा. शांत असेल तर बंद करून पट्टा चढवा, पातं न लावता चालवा. इथे खडखडलं तर पुल्या एका रेषेत नाहीत, पट्टा ढिला आहे किंवा शाफ्टचं बेअरिंग गेलंय. थंडीत रात्रभर एकाच घडीत बसलेला पट्टा सुरुवातीला धडधडतो, तो दोन मिनिटांत सरळ होतो, त्याचं मनावर घेऊ नका. शेवटी पातं लावा. आता सुरू झालेली शिट्टी पात्याची. कंपन शोषणाऱ्या, पॉलिमर भरलेल्या खाचांचं पातं घेतल्यावर माझ्याकडे ती बरीच उतरली. उरलेला आवाज स्टँडच्या पत्र्याचा आणि पार्किंगच्या शटरचा निघाला. पायांखाली जाड रबर आणि शटरला आतून लाकडी पट्टी, एवढ्यावर भागलं.

मशीन नुसतीच गुणगुणते, फिरत नाही, अशी वेळ आली तर तत्क्षणी बटण बंद. बहुधा कंडेन्सर गेलेला असतो किंवा सेंट्रिफ्युगल स्विचमध्ये भुसा बसलेला असतो. काठीने पात्याला धक्का देऊन चालू करणारे मी पाहिलेत. तसं करू नका, आणि कंडेन्सरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करून घ्या.

कानांचं म्हणाल तर 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी, असा अमेरिकेच्या निऑश संस्थेचा हिशोब आहे. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. इअरमफ भुशाच्या मास्कइतकाच रोजचा.

शेजारचा हिशोब वेगळा. रहिवासी भागात नियमाने दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. पार्किंगमधल्या सॉला 55 जमणं अवघडच, म्हणून मी कागद दाखवण्यापेक्षा वेळ विचारली. समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, दहा ते एक चालवा ना खुशाल. दुपारी तेवढं नको, आणि नातवाची बारावी आहे, फेब्रुवारीत अजिबात नको." फेब्रुवारीत मी हातकरवत आणि रंधा काढतो.