सिकल सेलवर थीसिस करताय? वाचायला बसण्याआधी एवढं करून घ्या

नागपूरचं मेडिकल कॉलेज असो, मेयो असो की एम्स, थीसिसला विषय सिकल सेलचा, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचा मिळाला की आमचे पोट्टे पहिले गूगल उघडतात, दहा-बारा पीडीएफ डाऊनलोड करून डेस्कटॉपवर टाकून देतात आणि सहा महिन्यांनी रेफरन्स लिहायला बसले की कुठली ओळ कुठल्या पेपरातली तेच सापडत नाही. विदर्भात हा आजार इतका आहे की त्यावर काम करणाऱ्याचं वाचन पक्कंच पाहिजे, म्हणून हे जरा सविस्तर लिहून राहिलो.

सुरुवात पबमेडपासून करा, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट, १९९७ पासून सगळ्यांसाठी फुकट आहे. नुसतं सिकल सेल टाकलं तर हजारोंनी पेपर येतील आणि डोकं गरगरेल. तिथं मेश नावाची ठरवून दिलेल्या शब्दांची यादी आहे, त्यात आपला आजार 'अनिमिया, सिकल सेल' असा उलटा लिहिलेला आहे, तो शब्द घ्या. पण फक्त मेशवर थांबू नका, कारण आपल्याकडची बरीच जर्नल्स मेडलाईनमध्ये, म्हणजे पबमेडमधल्या निवडक जर्नल्सच्या यादीत, नाहीत आणि त्यांच्या पेपरांना मेशचा शिक्का लागतच नाही, म्हणून मेशचा शब्द, मग कॅपिटलमध्ये ऑर आणि पुढं साधे शब्द असं जोडून शोधा.

आता नागपूरचे पेपर कसे काढायचे? नुसतं नागपूर टाकून सगळे येत नाहीत, कारण टायटलमध्ये लोक बरेचदा 'सेंट्रल इंडिया' लिहितात. नागपूर लिहा आणि त्याला लागूनच चौकोनी कंसात इंग्रजीत ad टाका, म्हणजे लेखकाच्या पत्त्यात नागपूर असलेले पेपर येतात. हे मला एका सिनियर मॅडमनी शेजारी बसून दाखवलं होतं, आणि तोवर माझ्या यादीत आपल्याच शहरातले कितीतरी पेपर नव्हते. सर्च जमला की बॉक्सखाली 'क्रिएट अलर्ट' आहे, तिथं आठवड्यातला एक वार निवडा, नवीन पेपर ईमेलवर येत राहतात.

पूर्ण पेपर मिळत नसेल तर पैसे भरायची घाई अजिबात करू नका. आधी पीएमसी, म्हणजे पूर्ण पेपर फुकट वाचायची पबमेड सेंट्रल साइट बघा, मग ब्राउजरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेंशन टाका, कायदेशीर फुकट कॉपी कुठं असली तर ते बाजूला हिरवं कुलूप दाखवतं. आणि सरकारी कॉलेजात असाल तर लायब्ररीत जाऊन 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेचं विचाराच, तिच्यातून कॉलेजला जर्नल्स वाचायला मिळतात, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स त्यात आहेत. खूप जणांना आपल्या कॉलेजला हे मिळतं हेच माहीत नसतं, याचं खरंच वाईट वाटतं. तरीही नाही मिळालं तर लेखकाला साधा दोन ओळींचा ईमेल करा, पुष्कळ जण आनंदाने पाठवतात.

पेपर ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट. ब्राउजरमधलं बटण दाबलं की पेपर माहितीसकट आत जातो आणि वर्डमध्ये व्हँकुव्हर स्टाईलची, म्हणजे नंबर दिलेल्या रेफरन्सची, यादी आपोआप बनते. ऑनलाईन जागा फक्त ३०० एमबी मिळते, पीडीएफनी ती लवकर भरते, म्हणून फाईल्सचं सिंक बंद ठेवा, नुसती रेफरन्सची माहिती सिंक व्हायला काही मर्यादा नाही. आणखी एक, मागे घेतलेला पेपर तुमच्या यादीत असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. ती दिसली की थांबा. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला पेपर २२ मेला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, इतक्या मोठ्या जर्नलमध्ये हे होऊ शकतं तर बाकीच्यांचं काय.

जीनवर काम असेल तर एका जागी फार गोंधळ होतो. सिकल सेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये जीएजी या डीएनएच्या तीन अक्षरांचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन येतं, जुन्या पेपरात ही जागा ६ लिहिलेली आहे पण क्लिनव्हार या जीनमधल्या बदलांच्या डेटाबेसमध्ये ७ दिसते. दोन्ही एकच आहेत. नवीन पद्धतीत सुरुवातीचं मिथिओनीन मोजतात, जुन्या पद्धतीत मोजत नव्हते. खात्री करायची तर या बदलाचा आरएस ३३४ (rs334) हा नंबर टाकून डीबीस्निप (dbSNP) या डेटाबेसमध्ये बघा.

आणि पेशंटवर ट्रायल करणार असाल तर सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतलं रजिस्ट्रेशन पहिला पेशंट घेण्याआधीच झालं पाहिजे, १ एप्रिल २०१८ पासून नंतरचं घेतच नाहीत. माझ्या एका ज्युनियरनं एथिक्सची परवानगी आली म्हणून लगेच पेशंट घेतले, रजिस्ट्रेशन राहून गेलं, आणि वर्षभराची मेहनत घेऊन पेपर पाठवला तर जर्नलनं पहिल्याच दिवशी परत केला. रजिस्ट्रेशनला पैसे लागत नाहीत, पण तपासणीत शंका निघतात आणि त्यांना उत्तरं द्यावी लागतात, म्हणून एथिक्सची परवानगी हातात आली की त्याच आठवड्यात फॉर्म भरायला घ्या.